ऊन पाण्याच्या वाटा

माझ्या थोरल्या आत्याच्या अंगावर कोड होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मनगटावर पहिला डाग दिसला आणि तो कोपरापर्यंत चढायच्या आत तिला माहेरी आणून सोडण्यात आले. पुढचे सगळे आयुष्य तिने नांदूरघाटला आमच्याच घरात काढले. पाहुण्यांसमोर ती पदराखाली हात झाकून बसे. लग्नकार्याला तिला कोणी बोलावत नसे आणि बोलावले तरी ती जात नसे. केज तालुक्याच्या बाहेर तिचे पाऊल सहसा पडले नाही. पडले ते एकदाच. मी तिसरीत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला उनकेश्वरला नेले. तिला सोबत म्हणून मलाही घेतले.

एसटीने परळी, तिथून रेल्वे, मग पुन्हा एसटी. उनकेश्वर हे गाव नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. तिथे महादेवाचे जुने मंदिर आहे आणि जमिनीतून ऊन पाणी वर येते. त्या पाण्याने अंगावरचे रोग जातात, ही श्रद्धा साऱ्या मराठवाड्यात आणि पलीकडे विदर्भात, तेलंगणात आहे. आम्ही अकरा दिवस राहिलो. पहाटे आत्या कुंडावर जाई, ओल्या अंगाने देवाला जाई. दिवसभर मात्र करायला काहीच नसे. मग ती माझा हात धरून नदीकडे निघे. वाट अशी नव्हतीच; बोरी-बाभळींतून गुरांनी पाडलेली पायवाट होती. आत्या पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून विचारी, ‘‘त्या बाजूला कोणतं गाव आसंल रं?’’ मला ठाऊक नसे. मी मनाला येईल ते नाव सांगे आणि ती मान डोलावी.

ही आठवण बरीच वर्षे माझ्या मनात नुसती पडून होती. पुढे जुनी पुस्तके धुंडाळायची सवय लागली. एका रद्दीवाल्याकडे मला युरोपातल्या एका गावाच्या चित्रांचे पुस्तक मिळाले. उंच खांबांच्या मंडपाखालून माणसे हातात चोचीचे लहान पेले घेऊन चालली आहेत, मागे जंगलाने झाकलेली टेकडी आणि तिच्यातून वळत जाणारी आखीव वाट. खाली गावाचे नाव होते, कार्लोवी वारी. जर्मन भाषेत कार्ल्सबाड. तेही गाव ऊन पाण्याचे, तिथेही आजारी माणसे येत. मग त्यांना चालायला अशी वाट आणि माझ्या आत्याला गुरांची वाट, हे का? हा प्रश्न पडला आणि त्याच्या मागे मी काही वर्षे घालवली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

कार्लोवी वारी हे नाव ऐकताच मराठी कानाला पंढरीची वारी आठवते. तो निव्वळ योगायोग. चेक भाषेतला ‘वार’ म्हणजे उकळते पाणी. चौथ्या चार्ल्स राजाचे उकळते पाणी, असा नावाचा अर्थ. कथा अशी सांगतात की, राजा हरणाच्या मागे लागला होता, त्याचा शिकारी कुत्रा वाफाळत्या पाण्यात पडून कळवळला आणि झरा सापडला. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट पक्की आहे. १३७० साली याच चार्ल्सने या वस्तीला नगराचे हक्क दिले. तिथला मुख्य झरा ७३ अंश सेल्सियसचा आहे आणि त्याचा फवारा माणसाच्या कितीतरी पट उंच उडतो.

पण नुसत्या झऱ्याने ते गाव झाले नाही. आरंभी तिथला उपचार मोठा जाचक होता. रोगी तासन्‌तास ऊन पाण्यात बसत. पुढे पिण्याचा प्रघात पडला तेव्हा खोलीत बसून पेल्यांमागून पेले रिचवत. अठराव्या शतकात डेव्हिड बेखर नावाच्या वैद्याने हे बदलले. पाणी झऱ्यापाशी येऊन प्यावे, बेताने प्यावे आणि पिऊन झाल्यावर चालावे, असे त्याने सांगितले. वरवर साधा वाटणारा हा सल्ला त्या गावाचा नकाशा बदलून गेला. चालायचे तर पावसात डोक्यावर छप्पर हवे, म्हणून खांबांचे मंडप आले. पाय मोकळे करायचे तर टेकडीवर वाट हवी. वाट चढून गेल्यावर बसायला ठिकाण हवे, म्हणून बाके, छत्र्या, टेहळणीचे मनोरे आले. ज्या सुळक्यावरून हरणाने उडी घेतली असे सांगतात, तोही बघण्याचे ठिकाण झाला. गटे तिथे अनेकदा गेला, बेथोव्हन गेला, १८७० च्या दशकात कार्ल मार्क्सही यकृताच्या दुखण्यासाठी गेला. ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून आज आपण जे ओळखतो, त्यातले बरेचसे तिथे वैद्याच्या सल्ल्यातून जन्माला आले. २०२१ साली युनेस्कोने सात देशांतली अशी अकरा गावे मिळून एक जागतिक वारसा ठरवला. त्या यादीत इमारतींइतकेच महत्त्व त्यांच्याभोवतीच्या बागांना आणि रानवाटांना आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ऊन पाणी कमी आहे का? मुळीच नाही. ‘उष्ण’ या संस्कृत शब्दाचे मराठीत ‘ऊन’ झाले आणि हे ऊन आपल्या गावांच्या नावांत जागोजाग सांडलेले आहे. राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे उनपदेव, आमच्या मराठवाड्यात उनकेश्वर. ज्यांच्या नावात ऊन नाही अशी गावे आणखी वेगळी. संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी आणि आरवली, महाडजवळचे सव, तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी समांतर अशी तीनशे किलोमीटरांची ऊन पाण्याची एक ओळच आहे. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास जाते, म्हणजे कार्लोवी वारीच्या जवळजवळ बरोबरीने.

यामागे ज्वालामुखी आहे, असा एक समज आहे. आपला काळा पाषाण लाव्हारसाचा हे खरे, पण तो थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली. आजच्या ऊन पाण्याशी त्या आगीचा संबंध नाही. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांमधून खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात किलोमीटरभर खाली गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येते. म्हणजे आपण ज्याला तीर्थ म्हणतो तो फार जुना पाऊसच असतो, खोलवर जाऊन परत आलेला.

लोकांनी याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. उनकेश्वरला सांगतात की, शरभंग ऋषींच्या अंगावर रोग होता. श्रीरामांनी बाण मारून ऊन पाणी काढले आणि ऋषी बरे झाले. उनपदेवालाही हीच कथा, हेच ऋषी, हाच बाण. दोन्ही गावांत शेकडो किलोमीटरांचे अंतर. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग आहे, पण त्याच्या रोगाची किंवा बाणाची कथा तिथे नाही. तिथे तो रामाचे दर्शन घेऊन अग्निप्रवेश करतो, अग्नी त्याची जीर्ण त्वचा जाळतो आणि तो तरुण होऊन वर येतो. मला वाटते, लोककथेचे बीज इथेच असावे. जुनी कातडी जाऊन नवी येणे, ही मूळ गोष्ट. लोकांनी आगीच्या जागी ऊन पाणी आणले, कारण आगीत शिरणे ऋषीला जमते, साध्या माणसाला नाही. माझ्या आत्यालाही तेच हवे होते. तिला देव नको होता, नवी कातडी हवी होती.

असे झाले की आपल्याकडे ऊन पाणी देवाच्या ताब्यात गेले. वज्रेश्वरीचे उदाहरण घ्या. वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेण्यासाठी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई पडल्यावर देऊळ उभे राहिले, ही तिथली परंपरा. देवळाला किल्ल्यासारखा तट, वर चढायला ५२ पायऱ्या, दारावर बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला नगारखाना. म्हणजे ऊन पाण्याजवळ मराठ्यांनी काही बांधले नाही असे नाही. भक्कम बांधले. पण जे बांधले ते देवाकडे चढणारे होते. पायऱ्या, दीपमाळ, ओवऱ्या. कुंडावरून उठून नदीकाठाने फिरायला जाणारी वाट कोणी बांधली नाही, कारण वैद्याने चालायला सांगितलेच नव्हते. नवस फेडायचा, स्नान करायचे, दर्शन घ्यायचे आणि घरी जायचे.

इंग्रज आले तेव्हा चित्र बदलायला हवे होते. त्यांच्या देशात बाथ नावाचे, रोमन काळापासूनचे ऊन पाण्याचे गाव होते. आपल्या झऱ्यांची माहितीही त्यांनी कसून गोळा केली. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये वज्राबाईच्या झऱ्यांची नोंद आहे. त्याच सुमारास भूगर्भ सर्वेक्षण खात्याने टॉमस ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञाने केलेली भारतातल्या ऊन झऱ्यांची यादी त्याच्या मृत्यूनंतर छापली. तिच्यात तीनशेच्या आसपास नोंदी आहेत. पण या यादीतून आपल्याकडे एकही बाथ उभे राहिले नाही.

कारण उघड आहे. थंडीने गारठलेल्या देशातून आलेल्या माणसाला ऊन पाण्याची ओढ असते. पण तोच माणूस एप्रिलमध्ये मुंबईत घामाघूम झाला की त्याला ऊन पाणी कशाला हवे? त्याला गार वारा हवा. आपले बहुतेक झरे कोकणच्या दमट खलाटीत, जिथे हिवतापाची भीती. म्हणून साहेबाने आरोग्य पाण्यात न शोधता उंचीवर शोधले. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. १८२४ साली लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदल करून ती जागा घेतली आणि आजाऱ्यांसाठी वसाहत वसवली. तिचे नाव माल्कमपेठ पडले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोचला.

मग युरोपात ऊन पाण्याभोवती जे घडले ते इथे गार वाऱ्याभोवती घडले. सकाळ-संध्याकाळ चालायचे, घोड्यावर रपेट करायची, कड्याच्या टोकाशी थांबून खाली बघायचे. त्या टोकांना नावे पडली. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, विल्सन पॉइंट, केट्‌स पॉइंट. ‘पॉइंट’ हा शब्द मराठीने असा काही उचलला की आज आपल्या खेड्यातल्या पोरालाही तो समजावून द्यावा लागत नाही. आपल्याकडे ‘दर्शन’ होते, दर्शनाला देव लागतो. पॉइंटला देव लागत नाही, फक्त कडा लागतो.

इथे माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. युरोपात पाणी, पथ्य आणि पाहणे ही तीनही एकाच गावात नांदली. आपल्याकडे त्यांची ताटातूट झाली. पाणी देवाकडे गेले, पाहणे साहेबाकडे गेले. ऊन पाण्याशी आजारी माणूस उरला आणि कड्यावर धडधाकट माणूस. दोघांची वाट वेगळी झाली.

उरलेले अर्धे उत्तर मला एका नदीने दिले. तिचे नाव सावित्री. महाबळेश्वरच्या जुन्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचे उगम मानतात. त्यांतल्या कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे देशावर येतात, सावित्री पश्चिमेला कोकणात उडी घेते. जिथून तिची खोल दरी दिसते तो आर्थर सीट. आर्थर मॅलेटच्या नावाचा. त्याची बायको आणि तान्हे मूल याच सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला बुडाले. त्या दुःखात तो या कड्यावर बसून नदीकडे बघत राही, असे सांगतात. खरे असो की नसो, आज तिथे फोटो काढणाऱ्या हजारोंमधल्या फार थोड्यांना ठाऊक आहे की ती जागा मौजेच्या नावाची नसून शोकाच्या नावाची आहे.

हीच सावित्री दरी उतरून महाडजवळ येते तेव्हा तिच्या काठी सवचे ऊन झरे लागतात. वर कड्यावर साहेबाची हवा, खाली नदीकाठी रयतेचे औषध. आणि त्याच नदीकाठच्या महाड शहरात पाण्याचा तिसरा प्रश्न उभा राहिला. पाण्याला हात लावायचा हक्क कोणाचा?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे तो सांगत होता. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह जाऊन तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे.

चवदार तळे ऊन पाण्याचे नव्हते, साध्या पिण्याच्या पाण्याचे होते. पण ज्या समाजात साध्या पाण्याला हात लावण्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले, त्या समाजातल्या औषधी पाण्याचा इतिहास लिहिताना ‘सर्व रोगी तिथे बरे होत’ असे म्हणून पुढे जाता येत नाही. सर्व म्हणजे कोण, हे विचारावेच लागते. बोले ठरावात विहिरींच्या बरोबरीने धर्मशाळांचा उल्लेख आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. आजारी माणसाला पाणी तर हवेच, शिवाय रात्री पाठ टेकायला ओसरीही हवी. ओसरी नाकारली की पाणी खुले असून उपयोग नाही.

युरोपाला यात झुकते माप द्यायचे कारण नाही. तिथली वाट पैसेवाल्यांची होती. पाहुण्यांकडून खास कर घेऊन बागा आणि वाटा राखल्या जात, तो कर देणे गरिबाला परवडणारे नव्हते. पुढे तर त्याहून वाईट घडले. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतल्या अशा गावांत ज्यूंना प्रवेश नाही, अशा पाट्या लागल्या. १९३८ साली कार्ल्सबाड जर्मनीने गिळले आणि त्याच नोव्हेंबरात तिथले ज्यूंचे प्रार्थनागृह जाळण्यात आले. बरे करणाऱ्या पाण्याभोवतीही माणूस कुंपण घालतो. त्यांचे कुंपण आधी पैशाचे होते, मग वंशाचे झाले. आपले जातीचे होते.

आता पुन्हा उनकेश्वर. आत्याचे डाग गेले का? नाही. जाणार नव्हतेच. कोड म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होणे. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही, त्याचा महारोगाशी काही संबंध नाही आणि पाण्याने रंग परत येत नाही. गंधकाचा उपयोग खरजेसारख्या रोगांवर होतो, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. म्हणून ऊन पाण्याची कीर्ती निव्वळ भाबडी म्हणता येणार नाही. पण आपल्या लोकांनी खरूज, गजकर्ण, कोड, महारोग या सगळ्यांची एकच मोट बांधली आणि त्या सगळ्यांना एकाच कुंडाकडे पाठवले. ज्यांना घरात ठेवायची लाज वाटे, ती माणसे तिथे जात. आमच्या झऱ्यांभोवती बागा का झाल्या नाहीत, याचे हेही एक कारण मानावे लागते. जिथे आपण आपली लपवायची माणसे पाठवतो, तिथे आपण स्वतः फिरायला जात नाही.

बऱ्याच वर्षांनी, आत्या थकल्यावर, मी तिला विचारले, ‘‘आत्या, उनकेश्वराचं तुला काय आठवतं गं?’’ मला वाटले, कुंडाचे सांगेल, देवाचे सांगेल. ती म्हणाली, ‘‘नदी. आन्‌ तिथं मला कुनी वळखत नव्हतं, त्ये.’’ थोडे थांबून म्हणाली, ‘‘रोज संध्याकाळी हात उघडा ठिऊन चालले मी. आकरा दिस.’’

बेखर वैद्याने शंभरदा लिहून जे सांगितले ते हेच. चालण्याने कोड जात नाही, पण चालणारा माणूस थोडा वेळ तरी रोग्याचा माणूस होतो.

मग आज काय करावे? ऊन पाण्याभोवती आता बांधकामे वाढत आहेत. कुठे कुंडांना गुळगुळीत फरशी आली, कुठे तिकिटे लावून खोलीतल्या हौदात ऊन पाणी सोडले जाते. बायांना कपडे बदलायला आडोसा नाही, पाणी वाहते ठेवण्याची सोय नाही, अशी कुंडे मी आजही पाहतो. कार्लोवी वारीचे खांब आपल्याला परवडणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. आपल्याला तीन साध्या गोष्टी पुरतील. वाहते, स्वच्छ पाणी. अंग झाकायला भिंत. आणि कुंडापासून नदीपर्यंत झाडांच्या सावलीतून जाणारी एक पायवाट, मध्ये दोन-चार ठिकाणी टेकायला दगडी ओटा. देवाकडे जाणाऱ्या पायऱ्या आपल्या पूर्वजांनी चांगल्या बांधल्या. नदीकडे जाणारी वाट मात्र आपल्या वाट्याला राहून गेली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा उनकेश्वरला गेलो. ती पायवाट शोधायला बराच वेळ लागला. सापडली तेव्हा काठावर उभा राहून पलीकडे पाहिले आणि जवळच गुरे वळणाऱ्या पोराला विचारले, ‘‘त्या बाजूला कोणतं गाव आहे रे?’’ त्याने नाव सांगितले. आत्याला मी सांगितले होते त्यांपैकी ते एकही नव्हते.